सुकुमार मगदूमचा नियम

“सुक्या, पानावरचा हात काढ,” भूपालआण्णा म्हणाले.

मी हात काढला नाही. हाताखाली केळीचं पान होतं. पानावर चमचाभर भात, तेवढंच वरण आणि मुगाची उसळ, मोजले असते तर अठरा मूग भरले असते इतकी. आण्णांच्या हातात बुंदीच्या लाडवांची परात होती. त्यांच्या मागं नवऱ्या मुलाचे दोन मामा, एक फोटोवाला आणि शेजारच्या पंगतीतनं अर्धं जेवण सोडून उठलेली सात-आठ माणसं उभी होती. सगळी मला बघायला आली होती.

त्याला कारण होतं. त्याच्या चार वर्षं आधी माझा मित्र पायगोंडा याच्या लग्नात मी पैजेवर एकतीस लाडू खाल्ले होते. आमच्या गावात हा आकडा अजून एकतीसच आहे. नदीपलीकडच्या गावात तो चाळिसाच्या वर गेलाय, आणि एका गावात तर मी शेवटचा लाडू नवरीच्या हातातनं हिसकावून घेतला असं सांगतात. ते खोटं आहे. तिनं आपणहून दिला होता.

“हात काढतोस का हातावर वाढू?” आण्णा म्हणाले.

ही धमकी पोकळ नव्हती. भूपालआण्णा आमच्या समाजाच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पंगतीचे मुख्य वाढपी. ‘नको’ या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. एका व्याह्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले तेव्हा आण्णांनी त्यांच्या मनगटावर खीर वाढली होती, आणि व्याह्यांनी ती चाटली होती.

परात खाली आली. लाडू उचलला गेला. माझ्या तोंडातनं आपोआप निघून गेलं,

“नियम हाय, आण्णा.”

लाडू हवेतच थांबला.

आमच्या जैन घरांत नियम म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. कुणी वर्षभर बटाटा सोडतं, कुणी चार महिने साखर सोडतं, कुणी दिवसातनं एकदाच जेवतं. स्वतःहून घ्यायचा आणि पाळायचा. आणि ज्याला नियम आहे त्याला आग्रह करणं हे पाप. त्या एका शब्दापुढं आण्णांची पळीसुद्धा थांबते. मला हे लहानपणापासनं माहीत होतं. त्या दिवशी मी तो शब्द चोरट्यानं किल्ली वापरावी तसा वापरला.

“कसला नियम?” आण्णांचा आवाज बारीक झाला होता.

“गोडाचा. आणि… मोजून खायचा.”

“किती दिवसांचा?”

“आयुष्यभराचा.”

हे खरं होतं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी परात मामांच्या हातात दिली आणि मला हात जोडले. फोटोवाल्यानं फोटो काढला.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

खरा प्रकार असा होता. कारखान्याच्या रस्त्याला आमचा वजनकाटा आहे. ट्रक, ट्रॅक्टर येतात, लोखंडी पाट्यावर उभे राहतात, आत केबिनमध्ये मी आकडा बघतो आणि पावती काढतो. घरातल्या काट्यानं मला बघून हात टेकले, तेव्हापासनं मी माझं वजनही त्याच पाट्यावर करत होतो. तो काटा दहाच्या पटीत दाखवतो. ट्रकला तेवढं चालतं. मी एकशे सत्तर होतो. एकशे अडुसष्टही असेन. दोन किलोसाठी मी त्याच्याशी कधी भांडलो नाही.

मग गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला, साखर वाढली. दिवाळीनंतर मिरजेच्या एका दवाखान्यात जाऊन मी ऑपरेशन करून घेतलं. जठराचा लिंबाएवढा कप्पा करतात आणि आतडं वळवून त्याला जोडतात. गावात सांगितलं, काट्याच्या नव्या मशिनचं ट्रेनिंग आहे, पंधरा दिवस पुण्याला. खरं फक्त आईला माहीत होतं. आईचं म्हणणं एकच.

“पोट कापल्यालं कळलं तर पोरगी कोण दील रं तुला?”

“एकशे सत्तर किलो होतो तेव्हा कोण देत होतं?”

“तवा आशा तरी होती.”

दवाखान्यातनं सुटताना आहाराच्या केतकी मॅडमनी एक छापील कागद दिला आणि शेवटच्या ओळीखाली पेनानं रेघ मारली : ‘योग्य आधार शोधा.’ मी शोधला. त्यांनी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं होतं. ‘नवा जन्म’. दोनशे बारा माणसं. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाचे तरी आधीचे आणि नंतरचे फोटो, संध्याकाळी एक गृहस्थ शेवग्याच्या पाल्याची पावडर विकायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा धीर करून मी लिहिलं : ‘मला जेवणाची फार आठवण येते. भूक नाही, आठवण. बाकीच्यांना असं होतं का?’ चौदा जणांनी हात जोडले. एकानं ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ दिल्या. मी ‘धन्यवाद’ म्हणालो.

त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही. दवाखान्याच्या दोन तारखाही बुडवल्या.

लग्नातला तो फोटो संध्याकाळपर्यंत गावभर गेला, आणि माझ्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट गावाला समजायला लागली. म्हणजे वेगळीच समजायला लागली.

मी पहाटे पाच किलोमीटर चालायचो, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाव म्हणालं, विहाराची सवय करतोय. मुनिमहाराज पायीच फिरतात. मी एक घास पंचवीस वेळा चावायचो. गाव म्हणालं, जिभेवर ताबा आलाय. अशा ऑपरेशननंतर काही महिने केस गळतात, ते कागदावर छापलेलं होतं. माझेही गळले, मूठभर. आमचे मुनी दिगंबर, अंगावर वस्त्र नाही, आणि केस हातानं उपटून काढतात. गाव म्हणालं, याचे तर आपोआपच जायला लागलेत.

मे महिन्यात मी तिसऱ्यांदा पँटी बारीक करायला घेऊन गेलो, तेव्हा शिंप्यानं टेप गळ्यातनं काढलाच नाही.

“करून देतो की. पर लागणार हायत का आता तुला?”

“का नाही लागणार?”

“न्हाई, म्हटलं विचारावं.”

पायगोंडानं शेवटी कोड्याचं उत्तर दिलं. तो काट्यावर आला, केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सुक्या, दीक्षा घेणाराईस व्हय रं?”

“कुणी सांगितलं?”

“सगळं गाव म्हणतंय. आण्णांनी तुझा सत्कार ठेवलाय, मेच्या शेवटच्या रविवारी. फेटा, शाल, बॅनर सगळं. लेका, मला तर सांगायचंस. मी तुझी गाडी घेतली असती.”

“पायग्या, मी कुठं जात नाही.”

“सगळे आधी असंच म्हणत्यात,” तो म्हणाला आणि माझ्या गाडीचे टायर बघायला बाहेर गेला.

हसायला येतं आता. तेव्हाची अडचण निराळी होती. गावाला माझ्याबद्दल आदर वाटायला लागला आणि तो आदर गाव पाठवत होतं लाडवांच्या रूपानं. मला नव्हे, आईला. ‘पुण्यवान माउली’ म्हणून प्रत्येक लग्नातनं, बारशातनं, वास्तुशांतीतनं डबा घरी यायचा. मी जितका विरक्त होत गेलो तितके घरात लाडू साठत गेले. आठव्या डब्याला आई म्हणाली, “काट्यावर ने, ड्रायव्हर लोकांना वाट.”

मी नेले. ड्रायव्हर लोकांना काही मिळाले.

माझे लाडू दुपारी तीनला असायचे. रस्ता सामसूम असतो, केबिनचं दार लोटलेलं. आधी कण, मग चतकोर, मग अर्धा. जेवणाची आठवण येत होती ना, ती तिथं भेटायची. पण त्या कप्प्याला गोड सोसत नाही. वीस मिनिटांत काळीज छातीतनं बाहेर पडायला बघायचं, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी. मी फरशीवर आडवा व्हायचो आणि पंख्याची पाती मोजायचो. तीन होती. दर वेळी तीनच. उठलो की शपथ घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजायचे.

पाट्यावर उभा राहिलो की आकडा एकशे तीसवर थांबत असे. एका दुपारी तो थांबेना. एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे तीस, एकशे चाळीस. मी उभा आणि तो लुकलुकतोय. सगळं पोट कापून घेतलं, गावाला फसवलं, आईला रडवलं, आणि मी परत निघालो होतो तिकडंच. हे सांगायला माझ्याकडं माणूस नव्हतं. देव मानणारं गाव होतं, पण ते मला मानत होतं.

दुसऱ्या दिवशी फरशीवर आडवा पडून पुटपुटत पाती मोजत असताना दार उघडलं. पायांत रबरी चपला, वर पांढरं लुगडं.

“पाती किती हायत?” आत्ती म्हणाली.

राजमती आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकाहत्तर, वजन कितीही वेळा केलं तरी चाळीस. नवरा गेल्यावर एकतिसाव्या वर्षी तिनं नियम घेतला : दिवसातनं एकदा जेवायचं, एका जागी बसून, मोजून सात जिन्नस, आणि चार घासांची भूक शिल्लक ठेवून उठायचं. चाळीस वर्षं पाळत आली होती. गावात कुणी तिचा सत्कार केला नव्हता. ती होतीच अशी, भिंतीसारखी.

“तीन,” मी म्हणालो.

“ऊठ. हात धू. मिशीला बुंदी लागलीया.”

मी उठलो, हात धुतले, मिशी धुतली. ती स्टुलावर बसली होती आणि डबा मांडीवर घेऊन लाडू मोजत होती.

“नियम कुणाकडनं घेतलास?”

“मनानंच.”

“कुठल्या देवळात?”

मी मिशी पुन्हा पुसली.

“सुकुमार,” ती म्हणाली. मला पूर्ण नावानं हाक मारणारी ती एकटीच. “चाळीस वर्सं मी पाळत आलीया. पाळणारं माणूस पंगतीत कसं बसतंय ते मला ठावं हाय. त्या लग्नात तुझं डोळं लाडवावर न्हवतं, दारावर हुतं.”

मग मी सांगितलं. सगळं. लिंबाएवढा कप्पा, पुण्याचं खोटं ट्रेनिंग, दोनशे बारा माणसं, बुडवलेल्या तारखा, लुकलुकणारा आकडा. मध्येच विटांचा ट्रॅक्टर आला. मी डोळे पुसून त्याची पावती काढली आणि परत येऊन पुढचं सांगितलं. सगळं झाल्यावर आत्ती म्हणाली, “दुखतंय का?”

“आता नाही.”

“टाकं किती?”

“पाच भोकं पाडली होती.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. का बरं, ते मला अजून कळलेलं नाही.

“तू खोटा नियम घेतलास. खोट्या नियमानं काय झालं बघ. आण्णाचा हात थांबला. तुझा न्हाई थांबला.”

“तुझा कसा थांबला? पहिल्यापासनं?”

ती हसली. पुढचे दोन दात नसल्यामुळं ती हसली की लहान मुलीसारखी दिसते.

“पैल्या वर्षी मी धान्याच्या बळदात जाऊन गूळ खायची. अंधारात. ढेपंला उंदरानं खाल्ल्यासारखं भोक पाडून. सासूला वाटलं, उंदीर झालंत. तिनं मांजर आणलं. मांजर माझ्याकडंच बघत बसायचं.”

“मग?”

“मग एक दिवस सासूच आली बळदात. रागावली न्हाई. म्हणली, राजमे, उद्यापास्नं मी तुझ्यापुढं बसत जाईन. बसली. मी जेवायची, ती समोर बसून शेंगा फोडायची. मराय टेकली तोवर. एकवीस वर्सं.” तिनं डबा बंद केला. “एकट्यानं उपाशी ऱ्हाता येतंय. एकट्यानं मोजून खाता येत न्हाई. समोर कुणीतरी लागतंय.”

दुसऱ्या दिवशी बाराला मी तिच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीवजा खोलीत, ताट घेऊन गेलो. ताट कसलं, वाटी. ती समोर बसली, आपलं ताट वाढून. मी चावत होतो, ती चावत होती. अर्धा तास. एक शब्द नाही. पाणी मागितलं तर म्हणाली, “जेवताना न्हाई.” केतकी मॅडमच्या कागदावरही तेच होतं. तिनं तो कागद पाहिलाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिनं पाहिला. कारण आम्ही मिरजेच्या एसटीत होतो. “डॉक्टरनं तारीख दिल्ती न्हवं? मग बुडवायला ती काय शाळा हाय?” एवढ्यावर तिनं मला उठवलं होतं. केतकी मॅडमच्या खोलीत ती माझ्याआधी शिरली आणि माझ्या खुर्चीत बसली.

“पेशंट कोण?” मॅडम म्हणाल्या.

“मी,” मी मागनं म्हणालो.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, प्रथिनं कमी. गोळ्या मी मनानंच निम्म्या केल्या होत्या. लाडवांचं सांगितलं तेव्हा मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती वाजता, कुठं बसून, त्या आधी काय झालेलं असतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की लाडवाचा प्रश्न असाही विचारता येतो. मग त्यांनी आत्तीला कागद वाचून दाखवला. हळू चावा. जेवताना पाणी नको. एका जागी बसून खा. पोट भरायच्या आत थांबा.

आत्ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हे आमच्यात आधीपास्नं हाय. फकस्त कुणी छापून दिलं न्हवतं.”

“पण आजी, तुमचं दिवसातनं एकदाच चालतं. यांचं नाही चालायचं. यांना थोडं थोडं पाच वेळा, आणि गोळ्या रोज. यांनी तुमचा नियम पाळायचा नाही.”

आत्तीनं विचार केला. “बरं. त्यो त्याचा पाळील. मी नुसती बसीन.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “मी तुम्हाला आधार शोधायला सांगितला होता.”

“शोधला होता. दोनशे बारा मिळाले.”

“आणि ह्या?”

“ह्या समोरच राहतात.”

परतीच्या एसटीत आत्ती खिडकीतनं बघत होती. अंकली पूल ओलांडल्यावर म्हणाली, “रविवारच्या फेट्याचं काय करणार?”

मला वाटलं होतं, ती विसरली.

“बांधून घेतो. एक दिवसाचा प्रश्न आहे. नंतर हळूहळू सगळे विसरतील.”

“घे की.”

मी निवांत झालो. जरा वेळानं ती म्हणाली, “फकस्त सोमवारपास्नं माझ्या सोप्यात येऊ नको. खरं खाणाऱ्याम्होरं मी बसीन. खोट्या फेट्याम्होरं मला घास जायचा न्हाई.”

रविवार आला. सभागृहाच्या दारात बारा फुटी बॅनर. डावीकडं एकतीस लाडवांच्या दिवसाचा मी, उजवीकडं हात जोडलेला आत्ताचा मी. मध्ये बाण. ‘भोगाकडून त्यागाकडे’. ‘नवा जन्म’ ग्रुपवर टाकला असता तर दोनशे अंगठे आले असते.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आई, पदर डोळ्यांना. तिला खरं माहीत असूनही ती रडत होती. नंतर म्हणाली, सगळ्या बायका रडत होत्या, मी एकटी कशी बसू. आत्ती शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. आण्णांनी वीस मिनिटं भाषण केलं. त्यात ते दोनदा गहिवरले आणि एकदा माझं वय चुकले. मग फेटेवाला माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि आण्णांनी माइक माझ्या हातात दिला.

“दोन शब्द बोल.”

मी शेवटच्या रांगेकडं बघितलं. आत्ती माझ्याकडं बघत नव्हती. ती वर पंखा बघत होती. पाती मोजत असावी.

“माझा नियम खोटा आहे,” मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. लोकांना तो विनय वाटला.

“नाही, खरंच खोटा आहे. मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय, वजन कमी करायचं. दिवाळीनंतर. पुण्याला गेलो नव्हतो. मी दीक्षाबिक्षा घेणार नाही. केस ऑपरेशननं आणि अशक्तपणानं गेलेत. आणि तुम्ही आईला पाठवलेले लाडू मी खाल्लेत. चोरून. सोळा.”

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फेटेवाल्याच्या हातातनं कापडाचं टोक सुटलं आणि स्टेजवरनं खाली घरंगळत गेलं, पहिल्या रांगेपर्यंत. आईनं ते उचलून डोळे पुसले.

“सोळाच?” मागनं कुणीतरी म्हणालं.

“एकतीस खाणारा सोळा चोरून खातोय!” पायगोंडाचा आवाज होता. थोडं हसू झालं. थोडंच.

आण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, “बांधून तरी घे, सुक्या. माणसं बाहेरगावनं आल्यात.”

“नको, आण्णा.”

आणि आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘नको’ ऐकलं. शाल घडी घालून परत पिशवीत ठेवली.

सभागृह कुजबुजायला लागलं तेवढ्यात खांबाजवळ आत्ती उभी राहिली. ती चारचौघांत कधी बोलत नाही. ती बोलते म्हटल्यावर पोरंसुद्धा गप्प झाली.

“उद्या बाराला माझ्या सोप्यात,” ती म्हणाली. “मोजून खायचं हाय पर एकट्यानं जमंना, आसं आणिक कुणी आसलं तर आपलं ताट घिऊन या. जेवण मी देणार न्हाई. बसायला जागा हाय.”

आणि चपला घालून निघून गेली.

सोमवारी बाराला मी वाटी घेऊन गेलो. आत्तीनं तीन पाट मांडले होते.

“तिसरा कुणाला?”

“आसू दे.”

दहा मिनिटांनी दारात चौगुले बाई. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं. हातात स्टीलचा डबा, खांद्याला पर्स, तोंडावर असा भाव की जणू पत्ता चुकून आल्यात. त्या बसल्या, डबा उघडला. डब्यात माझ्याएवढंच.

“दोन वर्षं झाली,” त्या डब्याकडं बघत म्हणाल्या. “पुण्यात करून घेतलं. ह्यांना सोडून कुणाला माहीत नाही. सगळ्यांना थायरॉईड सांगितलंय.” डब्याचं झाकण उलटं ठेवून म्हणाल्या, “निम्मं परत आलंय रे. आइस्क्रीमनं. शाळेच्या स्टोअररूममध्ये बसून खाते.”

“बाई, मला फरशीवर पडून पंख्याची पाती मोजावी लागायची.”

“किती असायची?”

“तीन.”

“स्टोअररूममध्ये पंखा नाही रे,” बाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघं हसलो. आत्ती म्हणाली, “चावताना बोलू नका.”

गुरुवारी भूपालआण्णा आले. मला वाटलं, फेट्याचा हिशेब काढायला आले. ते दारातच उभे. हातात परात नसलेले आण्णा मी पहिल्यांदा बघत होतो. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

“अकरा वर्सं झाली, साखर हाय मला,” ते म्हणाले. “गोळ्या चालू हायत. कमिटीत कुणाला म्हाईत न्हाई. अध्यक्षाला साखर हाय म्हटल्यावर पंगतीत आग्रह कुणी ऐकून घ्यायचं?”

“मग आण्णा, लोकांना एवढे लाडू…”

“मला खाता येत न्हाई न्हवं? मग खाणाऱ्याचं तोंड बघायचं. बरं वाटतंय.” त्यांनी नाक ओढलं. “तू एकतीस खाल्लंस त्या दिवशी लेका, मीच जेवल्यागत झालं हुतं.”

आत्तीनं पायानं चौथा पाट पुढं सरकवला.

पुढं पायगोंडाही यायला लागला. त्याला काहीच नव्हतं, वजन बासष्ट. “नुसतं बसतो की,” म्हणाला. बसायचा आणि सगळ्यांच्या ताटात बघायचा. त्याला आम्ही शेंगा फोडायला दिल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही वजन करायला लागलो. ही कल्पना चौगुले बाईंची. एकेकट्यानं आकडा बघायची त्यांना भीती वाटायची. मग सगळे एकदमच माझ्या वजनकाट्यावर उभे राहायचो : मी, बाई, आण्णा, आत्ती आणि पायगोंडा. पाचांचा मिळून एक आकडा. कुणाचं किती, कुणाला कळायचं नाही. पहिल्या वेळी चारशे दहा आलं. पुढच्या महिन्यातही चारशे दहा. आण्णा पायगोंडाकडं संशयानं बघायला लागले. पायगोंडानं पुढच्या वेळी चपला काढल्या.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. सकाळी आठला आम्ही पाट्यावर उभे. मागं उसाचा ट्रक येऊन थांबला, त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी केबिनमध्ये जाऊन बटण दाबून पळत परत आलो आणि आत्तीशेजारी उभा राहिलो. समोरच्या पाटीवर लाल आकडे हलले. चारशे. तीनशे नव्वद. चारशे. तीनशे नव्वद.

“थांबंना की,” आण्णा म्हणाले.

“श्वास कोण घेतोय?” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी श्वास धरला. आत्तीनंही.

तीनशे नव्वद. थांबला.

मागचा ड्रायव्हर सांगतो की आम्ही पाचही जण ओरडलो आणि एका म्हातारीनं उडी मारली. उडी मारली हे खोटं आहे. तिनं एक पाय उचलला होता. आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला विचारत होते, “कुणाचं कमी झालं रं? कुणाचं?”

“काय माहीत, आण्णा. सगळ्यांचं मिळून वीस.”

आत गेलो तर मशीन पावती मागत होतं. वजन घेतलं की पावती काढावीच लागते, नाहीतर पुढची गाडी घेत नाही. वाहन क्रमांकाच्या जागी मी ‘आत्तीचा सोपा’ असं लिहिलं. खाली मालाचा प्रकार विचारतं : ऊस, विटा, वाळू, खत, इतर. मी ‘इतर’ दाबलं.

ती पावती आत्तीच्या सोप्यात खिळ्याला लावलेली आहे. आत्ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे, पाट नऊ झालेत. परवा एक नवीन माणूस आला, मिरजेहून केतकी मॅडमनी पाठवलेला. दारात उभा राहून त्यानं विचारलं, “इथं काय करायचं असतं?”

आत्तीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती शेंगा फोडत होती. पायानं दहावा पाट पुढं सरकवला.